फौजदारी खटल्याच्या जुन्या निकालपत्राची नक्कल कशी मिळवावी?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाची परदेशी कंपनीच्या एका मालवाहू जहाजावर निवड झाली आहे. कंपनीने पोलीस पडताळणीचा दाखला मागितला आणि त्या पडताळणीत त्याच्या नावावर २०१५ सालचा एक गुन्हा नोंद असल्याचे निघाले. आम्हाला ही गोष्ट माहीत होती. पाणंदीच्या वहिवाटीवरून आमच्या आणि शेजारच्या घरात भांडण झाले, काठ्या निघाल्या आणि दोन्हीकडच्या माणसांवर गुन्हे दाखल झाले. भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तीन वर्षांहून अधिक काळ तारखा झाल्या आणि शेवटी तो निर्दोष सुटला.

निकालाची नक्कल वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी माळ्याला लागले. चौथ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा आत चिखलाचा एकच गोळा होता आणि त्यातून वेगळा काढता येईल असा एकही कागद उरला नव्हता.

आमचे वकील आता हयात नाहीत आणि खटल्याचा क्रमांक घरात कोणालाच आठवत नाही. पोलीस ठाण्यात सांगतात की निकाल आणून द्या, मग नोंद करून घेऊ. न्यायालयात खिडकीवर विचारले तर आधी नंबर आणा म्हणतात. सही-शिक्क्याची नक्कल पुन्हा मिळते का, आणि तो नंबर शोधायचा कुठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. भावाला कागद द्यायला महिन्याभराची मुदत आहे.

नक्कलविभाग_निवृत्त

आपली अडचण समजली. मी कोकणातल्या न्यायालयांत कारकून म्हणून लागलो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे नक्कल विभागातच होतो. नक्कल नक्की मिळते आणि ती मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असते. खिडकीवरच्या माणसाने नंबर मागितला तो टाळाटाळ म्हणून नव्हे. अभिलेख कक्षात बस्ते, म्हणजे खटल्यांच्या कागदांचे बांधलेले गठ्ठे, वर्षानुसार आणि खटल्याच्या क्रमांकानुसार लावलेले असतात. नावावरून बस्ता काढायचा तर नोंदवहीचे एकेक पान उलटावे लागते, म्हणून आपले पहिले काम नंबर शोधणे हेच आहे.

येथे बहुतेक जण एका गोष्टीत फसतात. पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर वेगळा आणि न्यायालयाचा खटला क्रमांक वेगळा. फिर्याद नोंदली जाते तेव्हा गु.र.नं. पडतो. तपास पुरा होऊन दोषारोपपत्र न्यायालयात येते, तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात त्याला आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. असा नवा क्रमांक मिळतो, आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला आणि एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त. गुन्हा सत्र न्यायालयात चालणारा असेल तर तेथे वर्ग झाल्यावर सेशन्स केस म्हणून तिसरा क्रमांक पडतो. वर्षही बदलू शकते. नोव्हेंबर २०१५ मधल्या गुन्ह्याचे दोषारोपपत्र फेब्रुवारी २०१६ मध्ये आले असेल, तर खटला २०१६ सालचा असतो, आणि २०१५ च्या नोंदवहीत कितीही शोधले तरी तो सापडत नाही.

आता घरबसल्या करण्याजोगे काम. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मोबाईल ॲपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा. तेथे पक्षकाराच्या नावाने शोधता येते, तसेच एफ.आय.आर. क्रमांकानेही शोधता येते. त्यासाठी पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि वर्ष लागते. आपल्याला गु.र.नं. मिळवणे सोपे आहे, कारण पडताळणीत तोच तर निघाला आहे. ठाण्यात तेवढाच विचारा. शोधताना ‘प्रलंबित’ ऐवजी ‘निकाली’ किंवा ‘दोन्ही’ हा पर्याय निवडायला विसरू नका. आपला खटला निकाली आहे. तो प्रलंबितांच्या यादीत दिसणारच नाही आणि आपण मात्र नोंदच नाही असे समजून बसाल.

नावाने शोधायचे झाले तर स्पेलिंग फिरवून पाहावे. आपल्याकडे ‘वि’साठी कोणी व्ही लिहितो तर कोणी डब्ल्यू, आणि कृष्णा हे नाव तर मी चार तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे. शिवाय यादीत ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ पहिला आरोपी ‘व इतर’ असे दिसते. आपला भाऊ तिसरा किंवा चौथा आरोपी असेल, तर पहिल्या आरोपीच्या नावाने शोधावे. नोंद सापडली की तिचा सोळा अक्षरी सी.एन.आर. क्रमांक उतरवून घ्या. महाराष्ट्रातल्या न्यायालयांचा हा क्रमांक एम.एच.ने सुरू होतो आणि तो त्या खटल्यापुरता एकमेव असतो, म्हणून पुढे कोठेही तेवढाच सांगितला तरी चालतो.

संगणकाचे जमत नसेल तर न्यायालयाच्या आवारात ई-सेवा केंद्र असते, तेथे हा शोध करून देतात.

वाशिष्ठीकाठ

आपले मनापासून आभार. काल गु.र.नं. मिळाला आणि रात्री शोध घेतला. आता नवाच पेच उभा राहिला आहे. नावाने शोधल्यावर त्याच पोलीस ठाण्याच्या आणि त्याच वर्षाच्या दोन नोंदी दिसतात, आणि भावाचे नाव दोन्हींत आहे. एकीत आरोपी म्हणून आहे. दुसरीत का आहे ते कळत नाही. दोन्ही ‘निकाली’ दाखवतात.

ओरोस_फौजदारी

मी सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करतो. आपण लिहिले आहे की दोन्हीकडच्या माणसांवर गुन्हे दाखल झाले होते. यालाच आम्ही क्रॉस केस म्हणतो. एकाच भांडणाच्या दोन फिर्यादी, पाठोपाठचे दोन गु.र.नं., आणि बहुतेक वेळा निकालही एकाच दिवशी. आपल्या बाजूने दिलेल्या फिर्यादीत भाऊ फिर्यादी असेल, म्हणून त्याचे नाव तेथेही आले असावे. नक्कल मागायची ती ज्या खटल्यात तो आरोपी आहे त्याची. घाईत दुसऱ्या निकालाची नक्कल घेतलेली मी पाहिली आहे. त्यात पक्षकाराच्या सुटकेचा एक शब्दही नव्हता आणि पंधरा दिवस वाया गेले.

अर्ज करण्यापूर्वी आणखी एक खात्री करा. ‘निकाली’ म्हणजे ‘निर्दोष’ असे नाही. साक्षीपुरावा होऊन झालेली निर्दोष मुक्तता वेगळी, दोषारोप ठेवण्यापूर्वीच झालेली आरोपमुक्ती वेगळी, आणि तडजोडीने मिटलेला खटला वेगळा. वहिवाटीच्या भांडणात भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४ आणि ५०६ ही कलमे लागलेली असतात आणि असे खटले पुष्कळदा लोकअदालतीत मिटतात. कायद्याने मान्य असलेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये ते स्पष्ट लिहिले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्येही तसेच आहे. पण अशा वेळी लांबलचक निकालपत्र नसते. निशाणीवरचा, म्हणजे क्रमांक देऊन दाखल केलेल्या कागदावरचा, अर्धा पानभर आदेश असतो, आणि नक्कल त्याचीच मागावी लागते.

काही प्रकरणांत खटला उभाच राहिलेला नसतो. पोलिसांनी समरी अहवाल दिलेला असतो. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, आणि क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली फिर्याद. ती मंजूर करणारा न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश हाच तेथे आपला निकाल असतो. अशा प्रकरणात आर.सी.सी. क्रमांक शोधून हाती काही लागत नाही.

हक्काविषयी सांगायचे तर, निकालाने बाधित झालेल्या माणसाला निकाल, आदेश, साक्ष किंवा अभिलेखाचा इतर भाग फी भरून मिळण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होती आणि आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. आपला भाऊ स्वतः आरोपी होता, त्यामुळे त्याला कारण पटवून देत बसावे लागणार नाही.

खाडीपलीकडे

हा सगळा कागद माहितीच्या अधिकारात मागता येणार नाही का? दहा रुपयांत काम होईल.

ओरोस_फौजदारी

तसे करू नये, वेळ जाईल. न्यायालयीन अभिलेखाची नक्कल उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावी लागते, माहिती अधिकारातून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्याकडच्या फौजदारी न्यायालयांना मुंबई उच्च न्यायालयाचे क्रिमिनल मॅन्युअल लागू आहे.

नक्कलविभाग_निवृत्त

वकीलसाहेबांनी क्रॉस केसचा मुद्दा वेळेवर सांगितला. आता अर्जाविषयी लिहितो. नक्कल अर्जाचा छापील नमुना न्यायालयातच मिळतो. त्यावर न्यायालयाचे नाव, खटल्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचे असते. कोर्ट फीचे तिकीट लावायचे आणि नक्कल फी पानांच्या हिशेबाने भरायची. ‘सर्व कागद’ असे मोघम कधीही लिहू नये. ‘निकालपत्र, संपूर्ण’ असे लिहावे, आणि साक्षी हव्या असतील तर निशाणी क्रमांक देऊन त्या वेगळ्या मागाव्यात. भाऊ स्वतः येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडावी, किंवा वकीलपत्र देऊन वकिलामार्फत अर्ज करावा.

अर्ज कोठे करायचा याकडेही लक्ष द्या. निकाल ज्या न्यायालयाने दिला तेथे आधी विचारावे, पण निकालाविरुद्ध अपील झाले असेल तर मूळ अभिलेख वरच्या न्यायालयात गेलेला असतो आणि खिडकीवर ‘रेकॉर्ड वर गेले आहे’ असे उत्तर मिळते. तेव्हा अपिलाचा क्रमांक विचारून घ्यावा.

नक्कल हातात आली की शेवटचे पान तेथेच उलटून पाहा. त्यावर अर्ज दिल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची तारीख शिक्क्यात लिहिलेली असते. आपल्याला या तारखांचे विशेष काम नाही, पण ज्यांना अपील करायचे आहे त्यांच्यासाठी त्या फार मोलाच्या आहेत. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायला तीस दिवस असतात आणि उच्च न्यायालयात जायला साठ. नक्कल तयार होण्यात लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतात, आणि ते मोजले जातात ते याच तारखांवरून. म्हणून शिक्षा झालेल्याच्या नातेवाइकांनी निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज टाकावा, हे मी आवर्जून सांगतो. ज्याला कैदेची शिक्षा होते त्याला निकालपत्राची एक प्रत विनामूल्य मिळते, तीही मागून घ्यावी.

माडाखालचे_घर

मी मालवण तालुक्यातली आहे. माझ्या आजोबांवर १९७४ साली एक सत्र खटला झाला होता आणि ते सुटले होते. गावात अजूनही त्याविषयी उलटसुलट बोलले जाते आणि माझ्या आईला खरे काय ते कागदावर पाहायचे आहे. ई-कोर्ट्सवर काहीच सापडत नाही. ओरोसला सिंधुदुर्गच्या जिल्हा न्यायालयात चौकशी केली तर येथे नाही म्हणाले.

नक्कलविभाग_निवृत्त

ताई, ओरोसला नसणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९७४ साली मालवणचे सत्र खटले रत्नागिरीच्या सत्र न्यायालयाकडे होते, तेव्हा चौकशीची सुरुवात रत्नागिरीच्या अभिलेख कक्षातून करा. इतक्या जुन्या खटल्यांची नोंद संकेतस्थळावर असण्याची अपेक्षा ठेवू नये. तेथे अभिलेखाचा शोध घेण्यासाठी अर्ज द्यावा लागेल. वर्ष नक्की नसेल तर आगेमागे दोन वर्षे धरून तसे अर्जात लिहा, आणि घटनेचे गाव, पोलीस ठाणे, आजोबांचे पूर्ण नाव व त्यांच्या वडिलांचे नाव द्या.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. निकाली अभिलेखाचे भाग पाडलेले असतात आणि ठराविक मुदतीनंतर काही भाग नष्ट केले जातात. साक्षी आणि किरकोळ अर्ज आधी जातात, निकालपत्र आणि नोंदवह्या जास्त काळ ठेवल्या जातात. समजा निकालपत्रही मिळाले नाही, तरी सत्र खटल्यांच्या नोंदवहीत आरोपीचे नाव, कलम आणि निकाल एका ओळीत लिहिलेला असतो. त्या नोंदीची नक्कल मागा. आणि अभिलेख नष्ट झाला असे सांगितले, तर ते तोंडी ऐकून परत फिरू नका. अर्जावर तसा लेखी शेरा घ्या. आपल्या आईसाठी ती एक ओळदेखील पुरेशी ठरू शकेल.

खाडीपलीकडे

माझा प्रश्न थोडा नाजूक आहे. आमच्या पुतणीसाठी एक स्थळ आले आहे. मुलाच्या नावाने शोधल्यावर ई-कोर्ट्सवर एक फौजदारी खटला दिसतो. त्याच्या दोषारोपपत्राची प्रत आम्हाला मिळेल का?

ओरोस_फौजदारी

दादा, तुमची काळजी योग्यच आहे, पण पुढचे पाऊल जपून टाका. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे होत नाही. कोकणात एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असतात आणि दर दोन घरांआड एक संतोष किंवा सचिन असतो. ई-कोर्ट्सच्या नोंदीवरून तो हाच मुलगा आहे असे ठरवता येत नाही. वडिलांचे नाव, गाव आणि वय जुळते का ते पाहिल्याशिवाय या नोंदीचा उच्चारही कोठे करू नये. एका चुकीच्या जुळणीने कोणाचे ठरलेले लग्न मोडू शकते.

दोषारोपपत्र त्रयस्थ माणसाला सहज मिळत नाही. ती सार्वजनिक दस्तऐवजाच्या व्याख्येत बसत नाहीत आणि ती संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले आहे. एफ.आय.आर.ची गोष्ट निराळी आहे. सप्टेंबर २०१६ मधल्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफ.आय.आर. पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ती पाहता येते. पण एफ.आय.आर. म्हणजे केवळ एका बाजूचे म्हणणे असते. निकाल झाला असेल तर तोच वाचावा. तो संकेतस्थळावर नसेल तर त्रयस्थ म्हणून कारण नमूद करून अर्ज करता येतो आणि परवानगी देणे न्यायाधीशांच्या हाती असते.

लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे, तेव्हा अशा खटल्यातला कोणताही कागद हाती आला तरी तो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलावर बाल न्याय मंडळापुढे चाललेल्या प्रकरणाचा अभिलेख तर सामान्यतः ठराविक काळाने नष्टच करायचा असतो. तो शोधण्याचा प्रयत्नही करू नये.

माझा सल्ला इतकाच की मुलाला आणि त्याच्या वडिलांना समोर बसवून सरळ विचारा. ज्याचा खटला सुटला आहे तो कागद दाखवतो.

माडाखालचे_घर

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर काय करावे?

ओरोस_फौजदारी

नक्कल अर्जाला वकील लागतोच असे नाही. पण मदत हवी असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीतल्या माणसांनाही मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

जाता जाता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वाचकांसाठी एक नोंद. १८ ऑगस्ट २०२५ पासून या दोन जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आली आहेत. रायगडची कामे मुंबईतच आहेत. ज्यांचे जुने अपील मुंबईत होते त्यांनी अभिलेख आता कोठे आहे ते खटल्याची सद्यस्थिती पाहून खात्री करूनच निघावे. मुंबईची फेरी फुकट जायला नको.

वाशिष्ठीकाठ

मंडळी, काम झाले. कसे झाले ते सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारखे आणखी पुष्कळ असतील.

दोन्ही नोंदी उघडून पाहिल्यावर वकीलसाहेबांचे म्हणणे अगदी बरोबर निघाले. पहिल्यात भाऊ तिसरा आरोपी होता, दुसऱ्यात फिर्यादी. पहिल्या खटल्याचा आर.सी.सी. क्रमांक २०१६ सालचा होता, म्हणजे आम्ही २०१५ धरून बसलो होतो तेही चुकीचेच होते. भावाला घेऊन न्यायालयात गेलो आणि ‘निकालपत्र, संपूर्ण’ असे लिहून अर्ज दिला. पावतीवर पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला गेलो तर बस्ता निघाला होता, पण पाने मोजून उरलेली फी भरायची होती. ती भरली आणि आणखी तीन दिवसांनी बोलावले.

नक्कल देणाऱ्या बाईंनी टेबलावर तो मूळ बस्ता ठेवला होता. वर जाड पुठ्ठा, त्यावर शाईने लिहिलेला क्रमांक आणि मधोमध पांढऱ्या नाडीची गाठ. भावाने तो पाहिला आणि क्षणभर मागे सरला. त्या तीन वर्षांत हा बस्ता त्याने दर तारखेला साहेबांच्या पुढ्यात पाहिला होता. बाईंनी शेवटचे पान उघडून दिले. ‘आरोपी क्रमांक १ ते ४ यांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४, ५०४, ५०६ सह ३४ खालील गुन्ह्यातून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४८(१) अन्वये निर्दोष मुक्त करण्यात येते.’ त्याने ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचले. आम्ही अर्जात चुकून ‘दोषमुक्त’ लिहिले होते. बाईंनी ते पाहून सांगितले की पोलीस ठाण्यात देताना निकालात आहेत तेच शब्द वापरा, बदलू नका.

त्याच दिवशी ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोबत नक्कलेची छायाप्रत जोडली आणि मूळ नक्कल फक्त दाखवून परत घेतली. गुन्ह्याच्या नोंदीपुढे निकालाची नोंद घेऊन सुधारित अहवाल पाठवावा, अशी विनंती केली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. नऊ दिवसांनी अहवाल गेला.

नक्कलविभाग_निवृत्त

वाचून फार समाधान वाटले. एकच सांगतो, नक्कलेला लॅमिनेशन करू नका. शिक्का आणि सही पडताळून पाहायची वेळ आली तर ते अडचणीचे होते.

वाशिष्ठीकाठ

लॅमिनेशन केले नाही. आधी सुचले असते तर पहिल्या अर्जातच दोन नक्कला मागितल्या असत्या. आता दुसऱ्या नक्कलेसाठी काल नवा अर्ज टाकला आहे. एक भावाबरोबर जाईल. दुसरी या घरात ठेवणार नाही. बहिणीचे घर घाटमाथ्याच्या वाटेवर उंचावर आहे, तेथे तिच्या कपाटात ठेवायची असे आईने ठरवले आहे.